गणपतीची शाळा, गिऱ्हाईकाचा फोटो आणि आपला हात



आमच्या शाळेत मुलांचा आठवडी बाजार भरवला होता. कुणी शेवग्याच्या शेंगा आणल्या, कुणी आईने केलेले लाडू. चौथीतल्या एका मुलीने स्वतः केलेल्या मातीच्या पणत्या मांडल्या होत्या. साध्याच, पण काठ छान गोल आणि वातीसाठी नीट चोच काढलेली. एक पालक थांबले आणि म्हणाले, "बाळ, यावर चमकी लावून देशील का? मग दहा घेतो."

मुलगी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत सरळ प्रश्न होता, 'बाई, काय करू?'

खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. आणि मला तर ते यायला हवं होतं, कारण हा प्रश्न आमच्या घरात दरवर्षी श्रावणात येतो. आज त्याच प्रश्नाबद्दल लिहिते आहे. हाताने वस्तू घडवून विकणाऱ्याने गिऱ्हाईकाचं किती ऐकायचं आणि स्वतःचं किती राखायचं? तुमच्यापैकी अनेकांच्या घरी राख्या, आकाशकंदील, तोरणं, क्रोशाचं विणकाम, कापडी पिशव्या असा काही ना काही उद्योग असेल. वर्गात कार्यानुभवाचा तास तर आपण सगळेच घेतो. म्हणून हा विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

आमची दुसरी शाळा

मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या जागेला कारखाना म्हणत नाहीत, 'गणपतीची शाळा' म्हणतात. माझ्या बाबांची अशी शाळा आहे. दिवसा मी माझ्या शाळेत आणि पावसाळ्याच्या दिवसांत संध्याकाळी बाबांच्या शाळेत.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शाडूची माती भिजवून चांगली मळायची. साच्यात दाबून पुढचा आणि मागचा भाग काढायचा आणि जोडायचा. हात, सोंड, कान हाताने बसवायचे. ओल्या ब्रशने सांधे गुळगुळीत करायचे. मग मूर्ती सावलीत सुकू द्यायची. उन्हात किंवा घाईने सुकवली तर माती आक्रसते आणि तडे जातात. पूर्ण सुकल्यावर पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी बाबाच करतात. त्या वेळी शाळेत कुणी मोठ्याने बोलत नाही.

कोकणात गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट आधी आणून देतं. त्याच पाटावर त्या घरची मूर्ती बसवली जाते. म्हणजे हा व्यवहार असला तरी नुसता व्यवहार नसतो. 'आमच्या घरी उंदरावर बसलेलाच गणपती', 'आमच्याकडे उजवा हात असाच' हे घराघरांचं ठरलेलं असतं. तेव्हा गिऱ्हाईकाची मागणी ही काही मोबाईल आल्यावर सुरू झालेली गोष्ट नाही. फरक एवढाच की पूर्वी मागणी घरच्या रीतीतून यायची, आता ती फोटोतून येते.

एकदा 'हो' म्हटलं आणि चुकलं

काही वर्षांपूर्वी श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात एक चाकरमानी मुंबईहून आले. मोबाईलवर एक फोटो होता. तीन फुटांची उभी मूर्ती, एक हात वर उचललेला, त्या हाताला कसलाच आधार नाही. "काका, अगदी असाच हवा बघा. पैशाचं बघू नका."

फोटोतली मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची होती, हे बाबांना बघताक्षणी कळलं. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होतं आणि वजनाला हलकं असतं. त्यात असा मोकळा हात टिकतो. शाडू जड असतो. पावसाळी हवेत आतून सुकायला त्याला फार वेळ लागतो. तीन फूट, मोकळा हात आणि हातात जेमतेम महिना. बाबांनी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण ते घर जुनं, माणूस एवढ्या लांबून आलेला, आणि त्या वर्षी पाटही कमी आले होते. बाबा म्हणाले, "बघतो."

काथ्या घालून माती मळली, हाताच्या आत आधार दिला, दिवसरात्र बल्ब आणि पंखे लावले. वरून मूर्ती सुकलेली दिसत होती. हरतालिकेच्या दिवशी ते न्यायला आले. मूर्ती उचलली आणि खांद्याजवळ बारीक आवाज झाला. हाताला तडा गेला होता.

तडा गेलेली मूर्ती पुजत नाहीत. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. त्या कुटुंबातल्या लहान मुलाला काय झालंय तेच कळेना, तो सारखा विचारत होता, "आपला गणपती कधी न्यायचा?" शाळेत दोन-चार मूर्ती जास्तीच्या करून ठेवलेल्या असतात. त्यातली एक छोटी मूर्ती बाबांनी त्यांच्या पाटावर बसवून दिली. पैसे घेतले नाहीत. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांचा पाट आला नाही. अजूनही आलेला नाही.

त्या रात्री बाबा एवढंच म्हणाले, "आधीच सांगूक होया होता." आधीच सांगायला हवं होतं.

मला वाटतं, या सगळ्या विषयाचा गाभा या एका वाक्यात आहे. बाबांची कला कमी पडली नव्हती आणि गिऱ्हाईकाने मागितलं यातही काही पाप नव्हतं. चूक झाली ती 'नाही' म्हणण्याची वेळ टळल्यामुळे. कामाच्या सुरुवातीला सांगितलेला नकार थोडा वाईट वाटायला लावतो. शेवटी आलेला नकार मात्र समोरच्याचा सण बुडवतो.

एकदा 'नाही' म्हटलं आणि तेही चुकलं

आता उलटी गोष्ट. एक ताई विचारायला आल्या, "रंग न लावता नुसती मातीची मूर्ती द्याल का? गेरू आणि हळद एवढंच चालेल." बाबांना ते लागलं. रंगकामात त्यांचा हात पंचक्रोशीत नावाजलेला. रंगच नको म्हणजे माझं कामच नको, असं त्यांनी मनात घेतलं. त्यांनी चक्क नाही सांगितलं.

रात्री जेवताना मी विचारलं, "बाबा, का नाही?" शिक्षिकेची सवय, दुसरं काय! बाबांनी खूप विचार केला. माती बिघडणार होती का? नाही. मूर्ती मोडणार होती का? नाही. पूजेला अडचण होती का? नाही. मग कारण काय? कारण एकच, 'मी असं कधी केलं नाही.'

पुढच्या वर्षी त्यांनी तशी मूर्ती केली. आणि एक गंमत झाली. रंगाखाली झाकले जाणारे सांधे, बोटांचे ठसे, सोंडेच्या वळ्यांतली कमीजास्त खोली, सगळं उघडं पडायला लागलं. ती एक मूर्ती घासूनपुसून नीट करायला इतर दोन मूर्तींइतका वेळ गेला. त्या मागणीमुळे बाबांचं मातीकाम आणखी स्वच्छ झालं, हे ते स्वतः कबूल करतात.

तेव्हा गिऱ्हाईकाची प्रत्येक मागणी ही कलेवरचा हल्ला नसते. काही मागण्या आपल्याला शिकवून जातात. मग कोणती मागणी मान्य करायची आणि कोणती नाही, हे ओळखायचं कसं?

ओळखण्याचे तीन प्रश्न

बाबांशी बोलता बोलता मी हे तीन प्रश्न काढले आहेत. कुठल्याही हस्तकलेला लागू पडतील असं वाटतं.

पहिला प्रश्न: हा बदल केला तर वस्तू तिचं काम करील का? गणपतीची मूर्ती शेवटी पाण्यात विरघळायची आहे. शाडू विरघळतो, प्लास्टर सहज विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही विसर्जनाच्या मूर्तींसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस नको असंच सांगितलं आहे. बाबा मात्र नियमाचं नाव न घेता एवढंच म्हणतात, "विसर्जन झाल्यावर पाय उरले तर ते बघवत नाहीत." म्हणून आमच्याकडे माती बदलत नाही.

दुसरा प्रश्न: माझ्या साहित्याला आणि माझ्याकडच्या वेळेला हे झेपेल का? पैसे जास्त मिळाले म्हणून माती लवकर सुकत नाही. लोकर असो, लाकूड असो, रंग असो, प्रत्येक साहित्याची स्वतःची चाल असते. ती गिऱ्हाईकाला माहीत नसते, आपल्याला असते. म्हणून सांगण्याची जबाबदारीही आपली.

तिसरा प्रश्न: माझ्या नकाराचं कारण मी समोरच्याला दोन वाक्यांत समजावू शकतो का? समजावता आलं तर तो नकार कलेसाठी आहे. समजावता आलं नाही तर बहुतेक वेळा तो सवयीसाठी किंवा मानासाठी असतो. बिनरंगाच्या मूर्तीच्या वेळी बाबा नेमके इथेच अडकले होते.

शाळेतला फळा

तो तडा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी माझ्याकडचा एक जुना फळा बाबांच्या शाळेत नेऊन टांगला. त्यावर आम्ही चार ओळी लिहिल्या:

१. मूर्ती फक्त शाडूची.
२. उंची दीड फुटापर्यंत.
३. नागपंचमीनंतर नवीन नमुना घेणार नाही.
४. डोळ्यांची आखणी आमच्या पद्धतीने.

आणि खाली मोठ्या अक्षरात: 'बाकी सगळं तुम्ही सांगाल तसं!'

ही पाचवी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पितांबर जांभळा हवा? चालेल. फेटा हवा, खड्यांचं काम हवं, मुलाच्या आवडीचा मोर शेजारी हवा? चालेल. बसण्याची ढब फोटोसारखी हवी? माती धरील तिथपर्यंत चालेल. चार गोष्टी पक्क्या केल्यामुळे बाकीच्या चाळीस गोष्टींत बाबा मोकळे झाले. पूर्वी प्रत्येक मागणीवर कुरकूर व्हायची, कारण काय राखायचं तेच ठरलेलं नव्हतं. समतोल म्हणजे प्रत्येक बाबतीत अर्धं त्यांचं आणि अर्धं आपलं, असं नसतं. थोडं घट्ट धरायचं, ते आधी सांगायचं आणि उरलेलं हसत द्यायचं.

पैशाचं गणित

'बाकी सगळं' म्हणजे फुकट नव्हे बरं का! इथे बरेच हस्तकलाकार फसतात. हे गणित मी चौथीच्या मुलांनाही शाब्दिक उदाहरण म्हणून घातलं आहे.

समजा, एका मूर्तीला माती आणि रंग मिळून ३०० रुपये लागतात. एकूण काम १० तासांचं आहे आणि तासाची मजुरी ७० रुपये धरली. मजुरी झाली ७०० रुपये. मूर्तीची किंमत १००० रुपये. आता गिऱ्हाईक म्हणालं, "थोडं खड्यांचं काम करा, त्यात काय एवढं!" खडे १५० रुपयांचे आणि काम ३ तासांचं. म्हणजे १५० अधिक २१०, एकूण ३६० रुपये जास्त. किंमत झाली १३६० रुपये.

हे वहीत लिहून दाखवलं की दोन गोष्टी होतात. काही लोक म्हणतात, "राहू दे मग, साधीच द्या." काही म्हणतात, "ठीक आहे, करा." दोन्ही उत्तरं चांगली आहेत. न लिहिता केलं तर तिसरीच गोष्ट होते. आपण मनात चडफडत काम करतो आणि दोष गिऱ्हाईकाला देतो. ठरलेलं सगळं वहीत लिहायचं, जमल्यास छोटं चित्र काढायचं आणि विसार घेऊन मगच माती मळायला घ्यायची.

वारलीचं उदाहरण

हे फक्त गणपतीपुरतं नाही. चित्रकलेच्या तासाला आपण सगळेच वारली शिकवतो. वारली समाजात लग्नाच्या वेळी सवाष्ण बायका घराच्या भिंतीवर चौक लिहितात. त्यात पालघाट देवी असते. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, काडीचा कुंचला. ते चित्र विकण्यासाठी नसतं, लग्नासाठी असतं.

१९७० च्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आली. डहाणू भागातले जिव्या सोमा म्हसे हे त्यातलं मोठं नाव. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत शेती, मासे धरायचं जाळं, तारपा नाच असं रोजचं जगणं आलं. साहित्य बदललं, आकार बदलला, बघणारे बदलले. पण गोल, त्रिकोण आणि रेघांची भाषा तीच राहिली, आणि लग्नाचा चौक लग्नाच्या ठिकाणी राहिला. काय बाजारात न्यायचं आणि काय घरात ठेवायचं, हा फरक आपण वारली शिकवताना मुलांना सांगतो का? पुढच्या तासाला नक्की सांगा.

एक कडू खरी गोष्ट

इथपर्यंत वाचून सगळं छान जुळून आलं असं वाटेल, म्हणून हेही लिहायला हवं. फळा लावल्यावर आमचे पाट कमी झाले. पूर्वी दीडशेच्या आसपास यायचे, आता शंभरच्या आत आहेत. मोठ्या आणि स्वस्त मूर्ती टेम्पोतून तालुक्याला येतात, लोक तिकडे वळतात. माझा भाऊ म्हणतो, "आपणही त्या आणून बाजूला विकूया ना. शाडूच्या तुम्ही करा." तो लोभी नाही. त्याला दोन मुलं आहेत आणि त्याचं वर्ष या तीन महिन्यांवर चालतं.

यावरून घरात भांडणं झाली. शेवटी असं ठरलं की शाळेत प्लास्टर येणार नाही, पण भाऊ दिवाळीसाठी पणत्या आणि बागेच्या कुंड्या करील, आणि त्यात लोक मागतील ते रंग, मागतील ते आकार देईल. त्याने सगळी तूट भरून निघाली का? नाही. आणि एक गोष्ट मान्य करते. माझा पगार घरात येतो म्हणून बाबांना 'नाही' म्हणणं परवडतं. ज्या घरी दुसरा पगार नाही, त्यांना 'तत्त्व सोडू नका' असा उपदेश मी करणार नाही.

अशांसाठी एवढंच सांगेन. पोटासाठीचं काम आणि मनासारखं काम यांच्या दोन वेगळ्या रांगा ठेवा. पोटासाठीच्या कामात कमीपणा मानू नका. फक्त एकाच्या नावाखाली दुसरं विकू नका. साच्यातली वस्तू असेल तर साच्यातली म्हणून विका, हाताची असेल तर हाताची म्हणून. तेवढं राखलं तरी खूप राखलं.

आणि आपण, मुलांचे पहिले गिऱ्हाईक

शिक्षक आणि पालक म्हणून आपल्याकडे जरा वळून बघू. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? मुलाने केलेल्या हत्तीची सोंड 'जरा नीट' करतो. रंग कडेच्या बाहेर गेला की वरून स्केचपेन फिरवतो. मीही केलं आहे. आपण मुलाच्या कामाचे पहिले गिऱ्हाईक असतो आणि पुष्कळदा सर्वांत हट्टी गिऱ्हाईक तेच असतं.

वर्गात एक सोपा उपक्रम करून बघा. मुलांनी काहीही हाताने बनवल्यावर वहीच्या पानाचे तीन भाग करायला सांगा: 'हे मी बदलीन', 'हे विचार करून बदलीन', 'हे मी बदलणार नाही'. तिसऱ्या भागात जास्तीत जास्त दोन गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे 'कारण' लिहायचंच. मग जोडीतला एक गिऱ्हाईक, दुसरा कारागीर. गिऱ्हाईकाने मागायचं, कारागिराने कारण देऊन उत्तर द्यायचं. यात भाषा येते, गणित येतं आणि न रागावता 'नाही' म्हणणंही येतं.

आता त्या पणत्यांकडे परत येते. मी काही सांगणार तेवढ्यात त्या मुलीनेच त्या पालकांना विचारलं, "काका, तुम्ही पणती लावणार की नुसती शोभेला ठेवणार?"

ते म्हणाले, "लावणार ना, दारात."

"मग वातीजवळ चमकी नको, जळेल. बाहेरून खाली लावून देते. पण उद्या मिळेल, आणि एकीला दोन रुपये जास्त."

त्यांनी दहा नाही, सहाच घेतल्या. दुसऱ्या दिवशी ती त्या घेऊन आली. चमकी खालच्या बाजूला होती, काठ आणि चोच तशीच साधी. संध्याकाळी बाबांना हे सांगितलं तर ते हातातलं काम थांबवून हसले आणि म्हणाले, "तिका आमच्या शाळेत धाड."

तुमच्या वर्गात हा उपक्रम केलात तर मुलांनी 'बदलणार नाही' या रकान्यात काय लिहिलं ते जरूर बघा. मुलं तिथे काय राखून ठेवतात, ते वाचण्यासारखं असतं.